हजार धाग्यांची चादर, तीही स्वस्तात?

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगावच्या फुले मार्केटात खरेदीला निघालेल्यांच्या कानावर हमखास पडतं: "ताई, हजार थ्रेड काउंट आहे, हॉटेलवाली क्वालिटी!" आकडा मोठा तितकी चादर भारी, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. तो खरा नाही.

थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचातल्या उभ्या आणि आडव्या धाग्यांची बेरीज. एकेरी सुताच्या चांगल्या चादरीत ती साधारण 200 ते 400 असते. त्याच्या फार पुढे गेलं की इंचात जागाच उरत नाही. मग हजार येतात कुठून? बारीक सुताचे दोन-तीन पदर पिळून एक धागा करायचा आणि प्रत्येक पदर वेगळा मोजायचा! असं कापड उलट जड आणि कोंदट होतं. भुसावळच्या मे महिन्यात त्यावर झोपून बघा.

मऊपणा ठरतो कापसाच्या तंतूच्या लांबीवर आणि विणीवर. (कापूस पिकवणाऱ्या मुलखाला हे सांगावं लागतंय, असो.) लांब तंतूच्या सुतावर गोळे कमी येतात. साधी वीण हवेशीर. सॅटिन विणीची चकाकी छान, पण तिचे धागे लवकर ओढले जातात.

सुतीच्या नावाखाली पॉलिएस्टर असल्याची शंका आली, तर घरी कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती दोऱ्याला जळक्या कागदाचा वास येतो, राख भुसभुशीत होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. बिल मात्र तोवर जपून ठेवा.