वैद्यकीय निष्काळजीपणातील मृत्यू : दंड व भरपाई

वैद्याच्या किंवा रुग्णालयाच्या हयगयीमुळे रुग्ण दगावल्यास आकारला जाणारा द्रव्यदंड, अथवा मृताच्या वारसांना मिळणारी नुकसानभरपाई. दंड राज्याच्या तिजोरीत जातो, भरपाई कुटुंबाच्या हाती पडते. यांपैकी कशाने दोषाचे क्षालन होते काय, हा वाद जुना आहे.

हम्मुराबीच्या संहितेत (इ. स. पू. सुमारे १७५०) शस्त्रक्रियेत प्रतिष्ठित व्यक्ती मरण पावल्यास वैद्याचे हात तोडण्याची शिक्षा आहे, गुलाम मेल्यास मात्र बदली गुलाम देऊन भागते. भारतीय परंपरेत भर द्रव्यदंडावर दिसतो. कौटिलीय अर्थशास्त्राच्या (काळ विवाद्य, इ. स. पू. चौथे शतक ते इ. स. चे तिसरे शतक) चौथ्या अधिकरणानुसार जिवाला धोका असलेला उपचार न कळविता केला आणि रुग्ण मेला, तर पूर्व साहसदंड (द्रव्यदंडाच्या तीन पायऱ्यांतील सर्वांत हलका), उपचारातील चुकीने मेला, तर मध्यम साहसदंड, म्हणजे २०० ते ५०० पण (त्या काळचे नाणे). कोणाला कळवायचे, हे सूत्र सांगत नाही. नातेवाइकांना, असाही अर्थ लावता येतो. परंतु नागरकाच्या (नगराच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या) प्रकरणात लपविलेल्या जखमेवर उपचार करणाऱ्या वैद्याने गोप व स्थानिक या अधिकाऱ्यांना वर्दी द्यावी असे म्हटले आहे. त्यावरून अधिकाऱ्यांना, हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. याज्ञवल्क्यस्मृतीत चुकीच्या उपचाराबद्दल पशू, मनुष्य आणि राजपुरुष अशी चढती दंडश्रेणी आहे. या वचनांत मृताच्या कुटुंबाला काही देण्याचा उल्लेख नाही.

राजदंड भोगलेले पापी निर्मळ होऊन स्वर्गाला जातात, असे मनुस्मृती (८.३१८) म्हणते. हे वचन दंडाने पापक्षालन होते याचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. मात्र त्याच्या आधीचे श्लोक राजासमोर देहदंडासाठी उभ्या राहणाऱ्या चोराविषयी आहेत. ते वचन पैसे भरून मोकळे होणाऱ्याला लावणे ओढाताणीचे ठरेल.

आधुनिक भारतीय कायद्यात भरपाईचा हेतू झालेले नुकसान भरून काढणे एवढाच आहे. जोशी विरुद्ध गोडबोले या खटल्यातील तरुणाचा पाय १९५३ च्या मे महिन्यात कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर मोडला. पुण्यात तो भूल न देता, तीन मदतनीसांकरवी जोर लावून ओढून बसविण्यात आला. त्या धक्क्याने तो तरुण दगावला. भरपाई ३,००० रुपये ठरली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती १९६८ मध्ये कायम केली. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये बाळंतपणानंतरच्या नसबंदी शस्त्रक्रियेत पोटात कापड राहून एक स्त्री मरण पावली. तिच्या कुटुंबाचा ३६,००० रुपयांवरील हक्क अच्युतराव खोडवा खटल्यात १९९६ साली, म्हणजे ३३ वर्षांनी, शाबित झाला. एवढा विलंब ही स्वतंत्र शिक्षाच होय, आणि ती कुटुंबाने भोगली.

व्ही. पी. शांता निकालाने (१९९५) मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. बलराम प्रसाद विरुद्ध कुणाल साहा (२०१३) या कोलकात्यातील प्रकरणात ६ कोटी ८ लाख रुपये व त्यावर ६ टक्के व्याज मंजूर झाले. रकमेतील हा फरक अपराधाच्या गांभीर्यातून आलेला नाही. हिशेब मृताच्या संभाव्य उत्पन्नाचा असतो. त्यामुळे मजुराचा, लहान मुलाचा किंवा गृहिणीचा मृत्यू कागदावर स्वस्त पडतो. याज्ञवल्क्याच्या श्रेणीशी याचे साम्य नजरेआड करता येत नाही. जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) फौजदारी शिक्षेसाठी ढोबळ, म्हणजे अतिशय गंभीर, निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकास कमाल दोन वर्षांची कैद व द्रव्यदंड आहे.

न्यूझीलंडने १९७४ पासून दोष सिद्ध न करता सार्वजनिक निधीतून भरपाई देण्याची पद्धत स्वीकारली. तेथे भरपाईसाठी डॉक्टरवर दावा लावता येत नाही. अद्दल घडविणाऱ्या रकमेचा दावा मात्र खुला आहे.