आधी कॉफीचा वास, मग कॉफी: गोड स्टाउटची पार्श्वभूमी

स्टाउट या काळ्या बीअरच्या ग्लासात नाक घातलं की कॉफी दळणाऱ्या दुकानावरून जाताना येतो तसा वास येतो. पहिला घोट गोडसर, सायीसारखा दाट. बाटली फिरवून घटक वाचावेत, तर कॉफीचं नावही नाही. स्टाउट चाखायला नव्यानं बसणारा माणूस इथे हमखास फसतो. या बीअरमध्ये कॉफीची चव आधी आली आणि कॉफी तिच्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी.

अठराव्या शतकात लंडनचे हमाल आणि मजूर पोर्टर नावाची काळपट तपकिरी बीअर पीत. तिच्यातली जी कडक, तिला ‘स्टाउट पोर्टर’ म्हणत. पुढे पोर्टर गळून नुसतं स्टाउट उरलं. ही बीअर लाकडाच्या आचेवर वाळवलेल्या तपकिरी माल्टची (म्हणजे मोड आणलेल्या सातूची) असे. १७८४ च्या सुमारास जॉन रिचर्डसननं माल्टच्या द्रावणातली साखर मोजायचं उपकरण ब्रुअरीत, म्हणजे बीअरच्या कारखान्यात, रुळवलं आणि मालकांचे डोळे उघडले. तपकिरी माल्टपेक्षा फिक्या माल्टमधून कितीतरी जास्त साखर निघत होती. फिकं माल्ट वापरणं फायद्याचं, पण मग काळा रंग कुठून आणायचा? कुणी जाळलेली साखर घालू लागलं, कुणी त्याहून वाईट काही. अखेर १८१६ मध्ये इंग्लंडच्या कायद्यानं माल्ट आणि हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) यांखेरीज बाकी सगळ्याला मनाई केली.

पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलरनं पेटंट घेतलं ते फिरत्या लोखंडी ड्रमचं. कॉफीच्या बिया भाजतात तसाच ड्रम, फक्त आत सातूचं माल्ट. तापमान दोनशे अंश सेल्सिअसच्या वर गेलं की दाणे कोळशासारखे काळे होतात. आणखी थोडं पुढे गेलं तर पेट घेतात, म्हणून ऐन क्षणी पाण्याचा फवारा मारून भाजणी थांबवावी लागते. हे माल्ट आजही ‘ब्लॅक पेटंट’ याच नावानं विकलं जातं. मूठभर घातलं तरी पिंपभर बीअर काळी होते. ड्रम कॉफीसारखा, भाजणी कॉफीसारखी, मग वास दुसरा कशाला येईल? दाणा असो की बी, आचेवर तपकिरी होताना आत जी रसायनं तयार होतात त्यांतली बरीच सारखी असतात.

गोडव्याची गोष्ट वेगळी, आणि मला विचाराल तर जास्त गमतीची. दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीतून लॅक्टोज ही दुधातली साखर काढता येते. बीअरच्या यीस्टला ही साखर पचत नाही. बाकी साखरेचा अल्कोहोल होतो, लॅक्टोज तसंच मागे राहतं. गोडीला ते आपल्या साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकंच, त्यामुळे चव पाकासारखी न होता जिभेवर दाटपणा येतो. दूध आणि बीअर एकत्र आणण्याचं पेटंट १८७५ मध्येच जॉन हेन्री जॉन्सननं मागितलं होतं, पण लॅक्टोजच्या या गोड स्टाउटचं, म्हणजेच ‘मिल्क स्टाउट’चं, बाजारात नाव केलं ते इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या हाइथ गावच्या मॅकेसन ब्रुअरीनं, १९०७ पासून. लेबलवर दुधाची बरणी आणि एका पाइंटात दहा औंस दुधाइतकी कर्बोदकं असल्याचा दावा. आजारातून उठलेल्यांना, बाळंतिणींना ही ‘ताकदीची’ म्हणून दिली जाई. (आज कुठलाही डॉक्टर हे ऐकून कपाळाला हात लावेल.) महायुद्धानंतर दूध रेशनवर असताना १९४६ मध्ये सरकारनं ‘मिल्क’ हा शब्द नावातून काढायला लावला. शब्द गेला, बरणीचं चित्र मात्र राहिलं.

पुढे ब्रिटनमध्ये ही आजीबाईंची बीअर ठरली आणि लागर या फिक्या बीअरपुढे मागे पडली. १९६८ मध्ये हाइथची ब्रुअरी बंद झाली. माल्टाचा ‘लॅक्टो’ आणि दक्षिण आफ्रिकेचा ‘कॅसल मिल्क स्टाउट’ यांनी मात्र ही चव सोडली नाही.

खरी कॉफी आत शिरली ती अमेरिकेत. १९९५ मध्ये रेडहुक या सिएटलच्या ब्रुअरीनं स्टारबक्सची कॉफी घालून स्टाउट काढला. मिशिगनच्या फाउंडर्सनं ओट्स, चॉकलेट आणि कॉफी एकत्र करून त्याला ‘ब्रेकफास्ट स्टाउट’ म्हटलं. कोलोरॅडोच्या लेफ्ट हँडनं मिल्क स्टाउटला पुन्हा मान मिळवून दिला आणि २०११ मध्ये तो नायट्रोजनसह बाटलीत भरला. नायट्रोजनचे बुडबुडे बारीक, त्यामुळे फेस लोण्यासारखा येतो आणि कार्बन डायऑक्साइडचा चरचरीत आंबटपणा कमी होतो. आपल्याकडे पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही ब्रुअरी सुरू झाली (नाव आपल्या देवळालीवरूनच पडलेल्या इंग्रजी शब्दाचं), तेव्हापासून ताजी स्टाउट इथल्या माणसाच्याही हाती लागू लागली.

बीअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या, १९८५ मध्ये स्थापन झालेल्या बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या गुणपत्रिकेत पन्नासपैकी वीस गुण चवीला, बारा वासाला आणि दिसण्याला फक्त तीन. गोड स्टाउटला त्यांच्याकडे स्वतंत्र रकाना आहे, अल्कोहोल चार ते सहा टक्के. पण खरी कॉफी घातली की तीच बीअर मसाले आणि भाज्यांच्या वर्गात जाते. कॉफी त्या वर्गात बघून हसू येतं, पण त्यामागे हिशोब आहे. पहिल्या रकान्यात माल्टची भाजणी तपासायची, दुसऱ्यात कॉफी आणि बीअर एकमेकींना धरून आहेत का ते.

चाखताना मी मराठीतले दोन शब्द जवळ ठेवतो: खरपूस आणि करपट. काळं माल्ट जास्त झालं की घोट गिळल्यावर घशात राखेसारखी कोरडी कडवट चव राहते, ती करपट. लॅक्टोज तिला झाकू पाहतं, पण शेवटच्या क्षणी ती वर येतेच. म्हणून गिळल्यावर थोडं थांबायचं. बीअर फ्रिजमधून काढल्या काढल्या प्यायचीच नाही, दहा-बारा अंशांवर येऊ द्यायची. थंडगार असताना गोडवाही दबतो आणि दोषही.

कॉफीचा स्वतःचा एक दोष आहे. एकदा एका छोट्या ब्रुअरीची कॉफी स्टाउट उघडली, रंग सुरेख, फेस बदामी. नाक जवळ नेलं तर कुणीतरी विळीवर ढोबळी मिरची चिरत बसल्यासारखा वास. कॉफीत पायराझिन गटातली संयुगं असतात आणि त्यांतल्या काहींचा वास थेट मिरचीचा. जपून न घातलेल्या किंवा फार दिवस राहिलेल्या कॉफीत भाजणीचा सुगंध विरतो आणि ही संयुगं पुढे येतात. त्या दिवशी शेजारी बसलेल्या मित्रानं ग्लास खाली ठेवून विचारलं, “यात कांदा कधी घालणार?”