बोर्ड हातात नव्हता तेव्हा: सिम्युलेटर आणि खऱ्या हार्डवेअरची पार्श्वभूमी

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात विहिरीच्या मोटरचे ऑटो स्टार्टर बनवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. सिम्युलेटर म्हणजे खऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम. सिम्युलेटरवर तासन्‌तास बिनचूक चाललेला प्रोग्राम पॅनेलमध्ये बसवला, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा, कॉइलवर चालणारा मोठा स्विच) सुटला, की मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी छोटी चिप, रिसेट होते. कॉइलचा करंट तुटताना उसळणारं व्होल्टेज सिम्युलेटरमध्ये कोणी घातलेलंच नसतं.

मग सिम्युलेटर आला कशासाठी? बहुतेक वेळा मशीन हाताशी नव्हतं म्हणून. १९७५ मध्ये पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी अल्टेअर ८८०० या सुरुवातीच्या छोट्या संगणकासाठी बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा लिहिली, तेव्हा त्यांच्याकडे अल्टेअर नव्हता. ॲलनने हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर इंटेल ८०८० प्रोसेसरचा सिम्युलेटर लिहिला आणि सगळं काम त्यावर झालं. बेसिकची कागदी टेप घेऊन तो अल्टेअर बनवणाऱ्या कंपनीकडे आल्बुकर्कीला निघाला तेव्हा विमानात लक्षात आलं, की टेप मशीनमध्ये भरणारा लोडर लिहायचा राहिलाय. तो त्याने तिथेच लिहिला आणि खऱ्या अल्टेअरवर बेसिक चाललं. सिम्युलेटरने प्रोसेसर अचूक उभा केला होता; टेप आत कशी जाणार, हा प्रश्न मात्र त्यावर कधी पडलाच नव्हता.

अँड्रॉइडचंही असंच. त्याचा एमुलेटर, म्हणजे संगणकावर फोनची नक्कल, २००७ च्या नोव्हेंबरात आला, पहिला फोन २००८ च्या ऑक्टोबरात.

हार्डवेअर असूनही ते बाजूला ठेवलं तर काय होतं, हे ४ जून १९९६ ला दिसलं. युरोपच्या एरियन-५ रॉकेटमध्ये दिशा सांगणारं यंत्र आधीच्या एरियन-४ मधून आलेलं होतं. एकत्रित चाचण्यांत ते यंत्र न जोडता त्याच्या जागी सॉफ्टवेअरचं प्रतिरूप वापरलं गेलं. उड्डाणाच्या पहिल्या ४० सेकंदांतच ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांत मावला नाही, मुख्य आणि राखीव अशी दोन्ही यंत्रं बंद पडली आणि रॉकेट फुटलं. चौकशी समितीने स्पष्ट लिहिलं, की हे यंत्र चाचणीत जवळजवळ पूर्ण जोडता आलं असतं. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

यंत्र खरं आणि त्याला मिळणारे सिग्नल बनावट, याला हार्डवेअर-इन-द-लूप म्हणतात. विमानं आणि वाहनं बनवणाऱ्यांना त्यावाचून गत्यंतर नाही. नवं सॉफ्टवेअर पहिल्यांदा आकाशात कोणी तपासत नाही.

आमच्या वेळी कॉलेजात ८०८५ या प्रोसेसरच्या एका किटभोवती चार-पाच जण उभे असायचे. आज काहीशे रुपयांत बोर्ड मिळतो, तरी मुलं प्रोजेक्ट सिम्युलेटरवरच संपवतात. बटण दाबल्यावर संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो आणि एका दाबाचे चार दाब मोजले जातात, हे त्यांना सादरीकरणाच्या दिवशी कळतं.

अंबडच्या स्टार्टर बनवणाऱ्यांच्या टेबलावरचा मार्ग मला सर्वांत पटतो. बोर्ड खरा, कॉन्टॅक्टर खरा, मोटरऐवजी बल्ब, आणि एक फेज गेल्याची स्थिती आणायला साधा स्विच. मोटर उठतानाचा सहा-सात पट करंट तेवढा तिथे येत नाही. त्यासाठी पॅनेल गाडीत घालून निफाडकडच्या एखाद्या विहिरीवर न्यावं लागतं.