पतंगावर वीज पडलीच नव्हती

भाचीच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन पाहायला गेलो होतो. एका तक्त्यावर बेंजामिन फ्रँकलिन, हातात पतंगाची दोरी, आणि ढगातून निघालेली नागमोडी वीज थेट पतंगावर. खाली ठळक अक्षरांत 'विजेचा शोध'. दोन्ही चूक! काच घासून ठिणग्या काढण्याचे खेळ युरोपात आधीपासून चालत होते. आणि 1752 साली त्या पतंगावर खरोखर वीज कोसळली असती, तर 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर फ्रँकलिनची सही दिसली नसती, 1778 मध्ये फ्रान्सला अमेरिकेच्या बाजूने उभं करायला तो पॅरिसला नसता आणि 81 व्या वर्षी राज्यघटनेच्या सभेतही बसला नसता.

बॉस्टनच्या एका मेणबत्त्या-साबणवाल्याच्या 17 मुलांपैकी हा 15 वा. शाळा जेमतेम दोन वर्षं. मग भावाच्या छापखान्यात उमेदवारी, तिथून 17 व्या वर्षी फिलाडेल्फियाला पळ. छपाईत इतकं कमावलं की 42 व्या वर्षी धंदा भागीदारावर सोपवून गडी प्रयोगांना मोकळा झाला. सेलवर आपण अधिक-उणे बघतो, ती भाषा त्याचीच. (कोणत्या प्रभाराला, म्हणजे वस्तूवर साठलेल्या विजेला, अधिक म्हणायचं हा त्याचा अंदाज होता. त्या अंदाजापायीच पुढे बिचारा इलेक्ट्रॉन उणे ठरला.)

माझा जीव मात्र त्याच्या एका साध्या प्रयोगात अडकलाय. काचेच्या बाटलीच्या तोंडावर लोखंडी गोळा ठेवायचा, शेजारी रेशमी धाग्याने बुचाची गोळी टांगायची. गोळा प्रभारित केला की गोळी दूर ढकलली जाते. आता एक टोकदार दाभण सहा-आठ इंचांवर धरा. ना ठिणगी, ना आवाज, आणि गोळी परत जागेवर. दाभणाऐवजी बोथट सळई घेतली तर ती इंचभर अंतरावर न्यावी लागते आणि चट्कन ठिणगी उडते. अंधारात दाभणाच्या टोकाशी काजव्यासारखा उजेड दिसतो, असंही त्याने लिहून ठेवलंय.

हे होतं कसं? धातूवरचा प्रभार टोकाशी दाटतो. वक्रतेची त्रिज्या जितकी लहान, म्हणजे टोक जितकं अणकुचीदार, तितकं पृष्ठभागालगतचं विद्युतक्षेत्र तीव्र. मीटरला सुमारे 30 लाख व्होल्टच्या पुढे हवेचे रेणू फुटू लागतात, आयन (प्रभार असलेले कण) तयार होतात आणि टोकातून प्रभार हवेत झिरपत राहतो. काजव्याचा उजेड म्हणजे ही झिरप.

फ्रँकलिनने यावरून उडी मारली: ढग म्हणजे मोठा गोळा, मग घरावर टोकदार सळई लावली तर ढगही असाच गुपचूप रिकामा होईल. आधी ढगात वीज असते हे दाखवायला हवं. त्याने लिहून दिलेल्या युक्तीप्रमाणे 10 मे 1752 रोजी फ्रान्समध्ये, मार्ली गावी, उंच लोखंडी सळईतून ठिणग्या काढल्या गेल्या. पतंग उडाला तो जूनमध्ये. रेशमी रुमालाचा पतंग, वर फूटभर तार, खाली सुतळी, सुतळीला किल्ली आणि हातात धरायला कोरडी रेशमी फीत. ढगाच्या विद्युतक्षेत्रात सुतळीचे तंतू ताठ उभे राहिले, किल्लीजवळ बोटाचं पेर नेताच ठिणगी उडाली. बस, एवढंच. (हा प्रयोग त्याने केलाच का, अशी शंकाही काही इतिहासकार घेतात.) पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गला रिखमान नावाचा शास्त्रज्ञ सळईने असाच प्रयोग करताना विजेने जागीच गेला.

आता त्या उडीचा हिशोब करू. ढगातला प्रभार 20 कूलोम (कूलोम हे प्रभाराचं माप; सेकंदाला एक कूलोम वाहिला की एक अँपिअर) धरा. एका सळईतून झिरपणारा प्रवाह 10 मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा एक लाखावा भाग, धरा. भागाकार केला की 20 लाख सेकंद, म्हणजे 23 दिवस! वळवाचं वादळ तासाभरात आटोपतं. सळई ढगाला रिकामं करू शकत नाही.

तरी ती घर वाचवते, कारण वेगळं आहे. वीज ढगातून एका दमात येत नाही. साधारण पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी, मध्येमध्ये क्षणाचाही क्षुल्लक भाग थांबत, चाचपडत उतरते. ती जवळ आली की जमिनीवरच्या उंच वस्तूंमधून तिच्याकडे वर ठिणग्या झेपावतात. जिची ठिणगी आधी भिडेल, तिच्यातून 30 हजार अँपिअरच्या घरातला प्रवाह धावतो. ती मानकरी सळई असली आणि जाड तारेने जमिनीशी नीट जोडलेली असली, की भिंत सुटली.

गंमत पुढे आहे. टोक टोकदार हवं की बोथट, यावर लंडनमध्ये जोरदार भांडण जुंपलं. अमेरिकेशी युद्ध सुरू असताना तिसऱ्या जॉर्जने बंडखोर फ्रँकलिनची टोकं काढून राजवाड्यावर गोल बोंडं बसवली. राजाचं सगळ्यांनी हसं केलं. पण न्यू मेक्सिकोच्या डोंगरावर सात वर्षं दोन्ही प्रकारच्या सळया शेजारी-शेजारी उभ्या करून पाहिल्या, तेव्हा विजेने बोथटच निवडल्या. टोकदार सळई झिरपून झिरपून स्वतःभोवती आयनांचं कवच उभारते आणि ऐन वेळी तिची ठिणगी रेंगाळते. राजा चुकीच्या कारणाने बरोबर निघाला!

आपल्याकडे अजून 'पायाळू माणसावर वीज पडते' म्हणतात. विजेला तुमची जन्मवेळची पोझिशन कळत नाही. मोकळ्या रानात तुम्ही उंच आहात की नाही, झाडाला टेकला आहात की नाही, एवढंच तिला पुरतं. युरोपात वीज टळावी म्हणून वादळात चर्चच्या घंटा वाजवत. फ्रान्समध्ये 33 वर्षांत 103 घंटा वाजवणारे त्यात गेले. आणि 'एक यंत्र बसवा, 100 मीटरचा परिसर निर्धास्त' अशी जाहिरात दिसली, तर हात खिशाकडे नेण्याआधी दोनदा विचार करा. साध्या सळईपेक्षा अशा यंत्राचा पल्ला मोठा असल्याचं खऱ्या विजेच्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही.

फ्रँकलिनने सळईवर पेटंट घेतलं नाही, उलट ती कशी लावायची ते आपल्या पंचांगात छापून टाकलं. स्वतःच्या घरी त्याने सळईची तार जिन्यात मध्येच तोडून दोन टोकांना दोन घंट्या लावल्या, मध्ये रेशमी धाग्याला पितळी गोळी. ढग आला की गोळी आपोआप टणटण करायची, आणि हा लेडन बरणी (वीज साठवायची काचेची बरणी) घेऊन धावायचा. वादळी ढगांचा तळ बहुतेक वेळा उणे असतो, हे त्याने असंच शोधलं. पुढे तो लंडनला गेला आणि घंट्या बायकोच्या, डेबोराच्या गळ्यात पडल्या. तिने भीती वाटते म्हणून कळवलं. 1758 मध्ये त्याचं उत्तर आलं: एका घंटीपासून दुसरीपर्यंत तारेचा तुकडा बांध, म्हणजे वीज मुकाट्याने जाईल. घंट्या काढून टाक, असं काही त्याने लिहिलं नाही.