हायड्रोफोबिक काच

हायड्रोफोबिक काच म्हणजे जिच्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन बसतं किंवा घरंगळून जातं अशी काच. मुळात काच अशी नसते. नुकत्याच स्वच्छ धुतलेल्या काचेवर पाणी जवळपास सपाट पसरतं, कारण तिच्या वरच्या थरात सिलिकॉनला चिकटलेले हायड्रॉक्सिल गट म्हणजे सिलॅनॉल असतात आणि पाण्याचं त्यांच्याशी चांगलं जमतं. पूर्ण हायड्रॉक्सिल असलेल्या सिलिकावर (काचेचा मुख्य घटक) एका चौरस नॅनोमीटरमागे असे साधारण ४.६ ते ४.९ गट धरतात. तीच काच उघड्यावर राहिली की हवेतला तेलकटपणा बसतो आणि थेंब ३०-४० अंशांवर उभा राहायला लागतो, त्यामुळे काच कशी धुतली हे न सांगता दिलेल्या आकड्यांवर फार विसंबू नये.

अंश म्हणजे स्पर्शकोनाचे. थेंबाची कड काचेला टेकते तिथे पाण्याच्या आतल्या बाजूने हा कोन मोजतात. ९० च्या वर गेला तर हायड्रोफोबिक, आणि १५० च्या वर जाऊन शिवाय काच जराशी कलती केली की थेंब निघून जात असेल तर सुपरहायड्रोफोबिक. थॉमस यंगने १८०५ मध्ये यामागचा विचार मांडला, पण शब्दांत. त्याच्या नावाने छापतात ते समीकरण त्याने लिहिलेलं नाही.

काच अशी करायची मुख्य पद्धत सिलेनची, म्हणजे सिलिकॉन असलेल्या, काचेला चिकटणाऱ्या रेणूंची. ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेन टोल्युइन या द्रावकात घालून त्यात काच बुडवतात, क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन निघून जातो, सिलिकॉन काचेला धरतो आणि अठरा कार्बनची शेपटी वर राहते. यात पाण्याचा अंश थोडा लागतोच, पण जास्त झाला की रेणू काचेला लागायच्या आधी एकमेकांनाच चिकटतात आणि काचेवर पांढुरका धुरकट थर येतो जो पुसून जात नाही, म्हणून पावसाळ्यात हे काम बंदिस्त, कोरड्या हवेतच करावं लागतं. थर नीट बसला तर कोन ११० च्या आसपास मिळतो. फ्लोरिनवाले रेणू घेतले तरी सपाट काचेवर ११९-१२० च्या पुढे जाता येत नाही. पुढे जायला खडबडीतपणा लागतो, अळूच्या पानावर असतो तसा. पण काच पारदर्शकही राहायला हवी, म्हणून हा खडबडीतपणा साधारण १०० नॅनोमीटरच्या आत ठेवावा लागतो, नाहीतर प्रकाश विखुरतो.

सुरुवात कोणी केली यावर एकमत नाही. काचेवर मेण किंवा पॅराफिन लावायची रीत जुनीच. जनरल इलेक्ट्रिकमध्ये लँगम्युअर आणि कॅथरीन ब्लॉजेट यांनी १९३० च्या दशकात फॅटी आम्लांचे एक-एक रेणू जाडीचे थर काचेवर चढवले, काहीजण सुरुवात तिथून धरतात, पण ते थर घासले की निघायचे. रासायनिक बंधाने धरलेला थर हीच खरी कसोटी मानली तर त्याच कंपनीतल्या विंटन पॅटनोडकडे श्रेय जातं. मिथाइलक्लोरोसिलेनच्या वाफेने वस्तू पाणी झटकायला लागतात हे त्याने पाहिलं, पेटंटचा अर्ज १९४० चा आणि मंजुरी १९४२ ची. युद्धकाळात ही प्रक्रिया रेडिओच्या सिरॅमिक इन्सुलेटरवर वापरली गेली. व्यवस्थित रचलेल्या एकरेणवीय थरांचा अभ्यास जेकब सागिव्हच्या १९८० च्या कामापासून जोरात आला.

खडबडीत पृष्ठभागावर कोन नेमका कशाने ठरतो हा वाद अजून चालू आहे. वेंझेलने १९३६ मध्ये म्हटलं की खडबडीतपणामुळे क्षेत्रफळ वाढतं आणि मूळचा स्वभाव आणखी ठळक होतो. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये खाचांत अडकलेली हवा हिशोबात घेतली, अर्थात त्यांच्यासमोर काच नव्हती, सच्छिद्र कापड होतं. २००७ मध्ये गाओ आणि मॅकार्थी यांनी थेंबाखाली मधोमध वेगळ्या स्वभावाचा ठिपका ठेवला, आणि तो ठिपका थेंबाच्या कडेच्या आत आहे तोवर कोन हलला नाही. म्हणजे थेंबाखालचं क्षेत्रफळ नाही तर कडेची रेषा महत्त्वाची. बार्टेल आणि शेपर्ड यांचे १९५३ चे प्रयोग याच दिशेचे होते. यावर मॅकहेल, तसंच पंचाग्नुला आणि वेदांतम यांचं उत्तर असं की जुनी समीकरणं टिकतात, फक्त त्यातली प्रमाणं रेषेजवळची घ्यायची. पोत सगळीकडे सारखं असेल तर दोन्हीकडून उत्तर तेच येतं. प्रत्यक्ष काचेवर मात्र ओरखडे आणि डाग असतातच, तिथे रेषेचा विचार जास्त उपयोगी पडतो. पुढे सरकणाऱ्या आणि मागे हटणाऱ्या कडेच्या कोनांमधला फरक, म्हणजे हिस्टेरिसिस, किती आहे यावरच थेंब सुटणार की चिकटून बसणार हे ठरतं, नुसता मोठा कोन पाहून काही कळत नाही.

उपयोगांत गाडीची विंडशील्ड सगळ्यांना माहीत आहे. काही जेट विमानांत पूर्वी रिपेलंट फवारायची सोय असे, त्यात सीएफसी (ओझोन थराला घातक रसायनं) असल्याने ती मागे पडली. फोनच्या काचेवर तेलही अडवणारं फ्लोरिनचं कोटिंग २००९ च्या आसपास रुळलं. काचेला लागलं की रक्त लवकर गोठतं, कारण ऋणभारित काच रक्तातलं फॅक्टर बारा हे गोठण सुरू करणारं प्रथिन जागं करते, म्हणून १९४६ च्या सुमारास सिलिकोन (सिलिकॉनपासून बनवलेलं पॉलिमर) लावलेल्या काचेच्या नळ्या वापरात आल्या, त्याआधी पॅराफिन होतं. विजेच्या लाइनवरच्या टफन्ड काचेच्या इन्सुलेटरना किनारी भागात सिलिकोन रबरचा थर देतात, मीठ बसून दव पडलं तरी सलग ओला पट्टा तयार होत नाही. शिवाय थरातले छोटे रेणू वर झिरपून घाणीलाही हायड्रोफोबिक करतात. सोलर पॅनेलसाठी असं कोटिंग विकतात, पण महिनोन्महिने पाऊस नसेल तिथे घरंगळायला पाणीच कुठे असतं! बिल्डिंगसाठी मिळणारी टायटॅनियम डायऑक्साइडची सेल्फ-क्लीनिंग काच वेगळी, ती पाणी पसरवते.

सगळ्यात मोठी अडचण टिकण्याची. वायपर घासतं, ऊन लागतं, अल्कलीयुक्त साबण सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडतो, आणि नेहमीच्या सोडा-लाइम काचेतून सोडियम बाहेर येत राहतो तो वेगळाच, म्हणून आधी सिलिकाचा थर देऊन मग कोटिंग करतात. फ्लोरिनवाल्या लांब साखळ्यांवर निर्बंध आलेत, त्यांतलं पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (न विघटणाऱ्या घातक रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत गेलं. त्यामुळे सिलिकोनकडे कल आहे, पण सिलिकोनवर पाणी अडतं तसं तेल अडत नाही, गाडीला ते चालून जातं, फोनला तितकं नाही.