सदाफुलीची पंचवीस पानं

सदाफुलीच्या पानाला गुरं तोंड लावत नाहीत. माणसं मात्र साखर उतरावी म्हणून सकाळी अनशापोटी दोन-चार पानं चावून खातात. झाड मूळचं मादागास्करचं, पण ही समजूत आपल्याइतकीच जमैकातही रुजलेली होती. तिचा पडताळा घ्यायला गेले आणि हाती लागलं ते भलतंच.

१९५२ साली टोरांटोचे डॉ. क्लार्क नोबल यांना जमैकातल्या एका रुग्णाने पाकिटातून सदाफुलीची २५ पानं पाठवली. इन्सुलिन मिळेनासं झालं की तिथे या पानांचा काढा प्यायचे. गंमत अशी की, १९२१ मध्ये इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांच्या हाताखाली आधी कुणी काम करायचं यावर चार्ल्स बेस्ट यांच्याशी झालेली नाणेफेक हरले ते हेच क्लार्क, असं सांगतात. त्यांचं इन्सुलिन थोडक्यात हुकलं. पाकीट त्यांनी धाकट्या भावाकडे, वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातल्या रॉबर्टकडे धाडलं.

रॉबर्टनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. साखर ढिम्म हलली नाही. मग टोचून पाहिला, तर उंदीर पटापट जंतुसंसर्गाने मेले. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, याच पेशी बेसुमार वाढतात, आणि रॉबर्टनी धागा तिथेच पकडला. १९५४ मध्ये रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर येऊन मिळाले, १९५८ पर्यंत पानांतलं विनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध वेगळं झालं.

अमेरिकेत एलाय लिली कंपनीही मधुमेहासाठीच सदाफुली तपासत होती. तिथे अर्क दिलेले ल्युकेमियाचे उंदीर जास्त जगले. त्यातून निघालेल्या विन्क्रिस्टिनला १९६३ मध्ये परवानगी मिळाली आणि इतर औषधांच्या जोडीने ते लहान मुलांच्या ल्युकेमियावरच्या उपचारात कायमचं बसलं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन्हीकडे ओढून नेणारे सूक्ष्म दोर असतात. ही द्रव्यं ते दोर विणूच देत नाहीत.

पानात ती असतात नावापुरती. एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. विन्क्रिस्टिन तर प्रौढालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, तेही फक्त शिरेतून. चुकून मणक्यात गेलं तर जीव जातो. बरोबर दिलं तरी काहींची बोटं बधिर होतात, शर्टाचं बटण लावता येत नाही.