स्कॅन आणि हाड यांच्यामधला मिलिमीटर

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे ऐकू यावे म्हणून आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवणारे यंत्र. त्याच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत कानामागचे मास्टॉइडचे हाड बरेच पोखरतात. इलेक्ट्रोडची तार त्या मानाने अगदी बारीक असते. एवढे हाड जाते ते मुख्यतः चेहऱ्याची नस आणि चवीची कॉर्डा टिंपनी ही नस नजरेच्या टप्प्यात यावी म्हणून. या दोन नसांमधल्या फटीतूनच आत जायचे असते. नसा स्कॅनवरच नेमक्या कळल्या, तर बाहेरून थेट एक बोगदा पाडता येईल, ही कल्पना त्यातूनच निघाली.

शूलर यांची १९०५ची आणि स्टेन्व्हर्स यांची १९१७ची एक्स-रे पद्धत या हाडासाठीच होती, पण सावल्या एकमेकींवर पडायच्या. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, तेव्हा चित्र ८० × ८० ठिपक्यांचे आणि स्लाइस, म्हणजे चित्रातला एकेक काप, १३ मिमी जाडीची होती. दीडेक मिलिमीटरची नस त्यात कुठून दिसणार? पातळ स्लाइस यायला आणखी दशकभर लागले.

खरी अडचण मात्र चित्र रुग्णाच्या हाडाशी जुळवण्याची, म्हणजे रजिस्ट्रेशनची. डोक्याला घट्ट बसवून मेंदूतली नेमकी जागा मोजणारी हॉर्स्ली-क्लार्क यांची प्राण्यांसाठीची चौकट १९०८ची; स्पीगेल आणि वायसिस यांनी ती माणसाच्या डोक्यावर आणली १९४७मध्ये. १९८६मध्ये रॉबर्ट्स यांनी चौकटीशिवाय सीटीचे चित्र मायक्रोस्कोपशी जोडून दाखवले. पुढच्या नेव्हिगेशन यंत्रांची, म्हणजे हत्यार कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणाऱ्या यंत्रांची, चूक १-२ मिमी असायची. सायनससाठी ती चालते. कानात नाही: १.८ मिमीचे ड्रिल, चेहऱ्याच्या नसेपासून ०.४ आणि कॉर्डापासून ०.३ मिमी अंतर, म्हणजे फट निदान २.५ मिमी हवी. चित्र जुळवण्यासाठी कातडीला चिकटवलेल्या खुणा कातडीबरोबर सरकतात, म्हणून स्कॅनच्या आधीच हाडात स्क्रू बसवतात. शिवाय चूक किती ते दाखवणारा स्क्रीनवरचा आकडा खुणा किती जुळल्या एवढेच सांगतो. खोलवर ड्रिलच्या टोकाशी काय झाले ते तो सांगत नाही. या आकड्यावर विसंबणे ही जुनीच चूक.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने हाडातल्या खुणांवर बसणारी, प्रत्येक रुग्णासाठी वेगळी घडवलेली छोटी चौकट वापरली. २०१४मध्ये त्यांनी ९ रुग्णांचा अनुभव छापला. त्यातल्या एकाच्या चेहऱ्याच्या नसेला इजा झाली, आणि कारण होते ड्रिलची उष्णता. मार्ग अचूक आखला तरी हाड तापतेच. ४७ अंश सेल्सिअस मिनिटभर टिकले तरी हाडाला इजा पोहोचते. म्हणून ड्रिल थोडे पुढे न्यायचे, मागे घ्यायचे, चुरा धुवायचा, पुन्हा आत.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या गटाने २०१६मध्ये रोबोटने असा बोगदा पाडला. वाटेत थांबून पुन्हा स्कॅन केला आणि नसेच्या जवळ विद्युत उत्तेजनाने अंतर तपासले. इलेक्ट्रोड मात्र सर्जननेच हाताने सरकवला, तोही कानाच्या पडद्याची कड उचलून, बोगद्याचे आतले तोंड डोळ्यांनी पाहत.